बाद ठरलेला पट्टा

बोलणारा मी एक पट्टा आहे. कमरेचा नव्हे, छातीचा. सायकल चालवणारी माणसं मला जर्सीच्या आत, बरगड्यांवर आवळून बांधतात. मी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजतो आणि हँडलवर बसवलेल्या मीटरला कळवतो. ठोके का वाढले, का उतरले, ते मला विचारू नका. मी फक्त आकडा देतो. त्याचा अर्थ लावायचं काम माणसांचं आहे, आणि ते त्यांना फारसं जमत नाही असं माझं मत झालं आहे.

दिसायला मी काही खास नाही. दोन बोटं रुंद करडं इलॅस्टिक, आतल्या बाजूला दोन रबरी चकत्या, बाहेर दोन टिचबटणं आणि त्यांवर बसणारी एक डबी. डबीत नाण्याएवढा सेल असतो. हृदय दर ठोक्याला विजेची एक बारीक लहर सोडतं, ती कातडीपर्यंत पोचते आणि माझ्या चकत्या ती टिपतात. त्यासाठी चकत्या ओल्या असाव्या लागतात. कोरड्या चकत्यांना धड काही कळत नाही, आणि मग मी वाटेल तो आकडा ठोकून देतो. पट्ट्यांची ही खोड सगळ्या सायकलवाल्यांना ठाऊक असते. पुढचं सगळं रामायण या खोडीवरूनच घडलं.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे दिवसरात्र सारखाच उजेड असे. एका बाईनं माझ्या कडा शिवल्या, दुसरीनं टिचबटणं ठोकली, तिसरीनं मला एका धातूच्या पाटीवर पालथं घातलं. त्या पाटीतून खोटे ठोके यायचे. माझ्या आयुष्यातलं पहिलं हृदय ते, आणि ते कधी चुकत नसे. त्या तिसऱ्या बाईला सर्दी झालेली होती. ती शिंकली तरी पाटीचे ठोके तसेच राहिले. मी बरोबर आकडा दिला, तिनं माझ्यावर हिरवी चिकटी लावली आणि मला खोक्यात घातलं. खोक्यावर मला बांधून हसणाऱ्या एका तरुणाचं चित्र होतं. मला बांधून चढ चढताना हसणारा माणूस मी पुढे एकही पाहिला नाही.

सायकलच्या दुकानात मी बरेच दिवस काचेमागे लटकलो. मग एक दिवस चष्मेवाला आला.

चष्मेवाला म्हणजे माझा मालक. बाजारच्या रस्त्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. मागच्या खोलीत एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरचं अक्षर थाळीएवढं आणि खालची ओळ मुंगीएवढी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो त्याच्या नाकावर लोखंडी चौकट चढवतो आणि एकेक काच बदलत विचारतो, "हे बरं, की हे बरं?" दिवसभर हेच. त्यामुळे घरीदारी त्याची तीच सवय होऊन बसली होती. चहाची किटली घ्यायची तरी दोन आणायचा, दोन्हींत पाणी उकळून पाहायचा आणि एक परत करायचा. त्याची बायको म्हणायची, "बरं झालं, मला पाहायला आलात तेव्हा शेजारी दुसरी कुणी बसली नव्हती."

ती घरीच पडदे शिवते. पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे, भिंतीला कापडाची ठाणं उभी केलेली असतात, आणि कुठल्याही कापडाला चिमटीत धरून ताणून बघायची तिला खोड आहे. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही तिनं तेच केलं. मला ताणलं, सोडलं आणि म्हणाली, "इलॅस्टिक झकास आहे. बाकीचं काय ते तुम्हाला माहीत."

दोन वर्षं आमचं छान जमलं. सकाळी उठून तो मला न्हाणीघरातल्या नळाखाली ओला करायचा. गार चकत्या छातीला लागल्या की दर वेळी "हुश्श" करायचा, जणू त्याला कल्पनाच नव्हती. मग सायकल काढून तो गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. तिथे मेहुणा यायचा. मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो, बोलायला लागला की थांबत नाही, आणि सायकलवर मात्र पुढे निघून जातो. दर रविवारी या दोघांबरोबर आणखी आठ-दहा जण असत. या रविवारच्या मंडळींत चष्मेवाल्याच्या शब्दाला मान होता. टायर घ्यायचा, दिवा घ्यायचा, सगळे त्याला विचारत. त्यानं दोन वस्तू समोर ठेवून पाहिलेल्या असणार, ही खात्री.

त्याचं हृदय चांगलं होतं. सपाट रस्त्यावर संथ, चढावर मेहनती, उतारावर लगेच शांत होणारं. मी त्याच्याबद्दल आणखी काही सांगू शकणार नाही. माणसाला हृदयात काय काय सापडतं म्हणे, मला ठोके सापडतात.

मग एका सकाळी पाण्याच्या टाकीमागचा चढ लागला. मेहुणा नेहमीसारखा पुढे गेला होता. चष्मेवाला उभा राहून पायडल मारत होता, ठोके दीडशेच्या आसपास होते. आणि मध्येच, एका ठोक्याच्या पुढच्या ठोक्याला, सगळं बदललं. हळूहळू वाढत नव्हे. बटण दाबल्यावर दिवा लागावा तसं ते हृदय दोनशेच्या पलीकडे गेलं. मी आकडा पाठवला. माझं काम तेवढंच.

तो थांबला. एक पाय जमिनीवर टेकला, हँडलवर ओणवा झाला. त्याच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता, मेहनतीचा नव्हे, निराळा, गार. मी छातीवरच होतो, मला तो फरक कळतो. थोड्या वेळानं जसं आलं तसं ते गेलं, एका ठोक्यात. वरून मेहुणा वळून खाली आला.

"काय झालं, भावोजी?"

"काही नाही रे. बुटाचा बंद सुटला."

मेहुण्यानं "बरं" म्हटलं आणि स्वतःच्या ऑफिसातल्या साहेबाची गोष्ट पुढे चालू केली. चष्मेवाल्यानं मीटरकडे पाहिलं. तिथे माझा तो आकडा कमाल म्हणून नोंदला गेला होता. त्यानं जर्सीत हात घातला, मला थोडं वर ओढलं आणि पुटपुटला, "वाळला वाटतं पट्टा."

मी वाळलेलो नव्हतो.

तसं पुन्हा झालं. महिन्यात दोनदा, मग आठवड्यात एकदा. कधी चढावर, कधी जोरात निघताना. दर वेळी तो थांबायचा, खाली वाकायचा, बुटाशी काहीतरी करायचा. आणि दर वेळी घरी येऊन मला दोष द्यायचा. त्यानं माझा सेल बदलला. मला साबणानं धुतलं, वाळवलं, पुन्हा ओलं केलं. ढगळ जर्सी वाऱ्यानं फडफडली की कापडातून वीज तयार होते आणि पट्टा भरकटतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यानं घट्ट जर्सी घेतली. छातीतल्या फडफडीबद्दल त्यानं कुणालाही एक अक्षर सांगितलं नाही. मला राग येत नाही, तशी माझी घडणच नाही. पण वाईट वाटायचं. मला जे ठाऊक होतं ते त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं, आणि सांगायला माझ्यापाशी एका आकड्याशिवाय काही नव्हतं.

त्याच सुमारास रविवारच्या मंडळींनी घाट करायचं ठरवलं. डोंगरावर चढत जाणारा लांब रस्ता आणि पलीकडे तसाच उतार, वळणावळणाचा, काही ठिकाणी कठडा नसलेला. मेहुण्याला त्यासाठी नवा पट्टा घ्यायचा होता.

"कुठला घेऊ, भावोजी?"

"थांब," चष्मेवाला म्हणाला. "बघून सांगतो."

आणि त्यानं आणखी दोन पट्टे आणले. एक लाल, स्वस्तातला. एक निळा, बराच महाग. मंडळींना कळवून टाकलं की घाटाच्या आधी निकाल मिळेल. मग सुरू झाली आमची परीक्षा. तिघांना एकाच वेळी छातीवर बांधायचं, एक वर, एक मध्ये, एक खाली, आणि दर दिवशी जागा बदलायच्या, म्हणजे कुणावर अन्याय नको. पाणीसुद्धा मोजून. डोळ्यांत औषध घालायची नळी त्यानं दुकानातून आणली होती, तिनं प्रत्येक चकतीवर सारखे थेंब टाकायचा. बायकोनं दारातून हे पाहिलं आणि हसली. "तिघांना सारखंच भरवताय. लेकरं आहेत का?"

"तुलना करायची तर नीट करावी," तो म्हणाला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जिथल्या तिथे."

लाल आणि निळा स्वभावानं वाईट नव्हते. लाल होता सरासरी काढणारा. मागचे थोडे आकडे एकत्र करून मधला सांगायचा, त्यामुळे त्याच्याकडे काहीच कधी फार उंच जात नसे. निळा फार शहाणा. आकडा एकाएकी उडाला की तो धरून चालायचा की पट्टाच वाळला असणार, आणि खात्री होईपर्यंत आधीचाच आकडा सांगत राहायचा. खात्री होईस्तोवर ते दोनशेचं प्रकरण बहुतेक वेळा संपून गेलेलं असे. मला यातलं काही करता येत नाही. मी जुन्या घडणीचा, ठोका आला की ठोका म्हणतो.

टाकीमागच्या चढावर पुन्हा तसं झालं. तो थांबला, ओणवा झाला. घरी आल्यावर फोनवर त्यानं आमच्या तिघांच्या रेघा एकावर एक ठेवल्या. लाल आणि निळी रेघ टेकडीसारखी शांत चढून उतरली होती. माझी रेघ मध्येच सरळ वर उठलेली. त्याच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं हसू आलं. मी ते पाहिलं आणि मला कळलं की याला निकाल नको होता, दोष पट्ट्याचा आहे एवढंच ऐकायचं होतं.

"दोघं एक सांगतात आणि हा एकटा भलतंच," तो बायकोला म्हणाला. "हा बाद."

मंडळींना त्यानं कळवलं: निळा उत्तम, लाल पैशाच्या मानानं बरा, करडा घेऊ नका, चढावर खोटे आकडे देतो. मेहुण्यानं त्याच दिवशी निळा मागवला. मला डबीपासून सोडवून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. घाट रविवारवर आला होता.

टोपलीतून मला बाहेर काढलं ते बायकोनं. माझ्यावर माया म्हणून नव्हे, इलॅस्टिकवर. "असलं इलॅस्टिक फेकवतं कसं तुम्हाला," ती म्हणाली, आणि मला तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवलं, चौकोनी बटणं आणि पडद्यांच्या कड्यांच्या शेजारी. डबीही तिनं जपून ठेवली. फेकायचं तिच्या जिवावर येतं.

शुक्रवारी संध्याकाळी मेहुणा आला. चष्मेवाला अजून दुकानातच होता. गॅलरीत त्याची सायकल स्टँडवर चढवलेली होती. मागचं चाक रुळावर फिरतं आणि सायकल जागच्या जागी राहते, तसला स्टँड. मेहुण्याला शिवणाच्या डब्यात मी दिसलो.

"ताई, हा बाद पट्टा तू का सांभाळतेस?"

"पडद्याला बांधायला होईल."

"घालून तर बघ. कुणास ठाऊक, चंद्रावरचे आकडे देईल." त्याला गंमत हवी होती. "आणि सायकल इथेच आहे, मार चार पायडल. रोज मशीन चालवतेस, तुला काय जड आहे."

ती आढेवेढे घेत उठली. मी तिला ढिला होत होतो, म्हणून तिनं मला एक दुमड घालून चार टाके मारले. मला ओलं केलं, डबी बसवली, आत खोलीत जाऊन बांधलं, ओढणी कमरेला खोचली आणि सायकलवर बसली. मेहुण्यानं मीटर चालू केला. तिचं हृदय मला नवं होतं. थोडं भित्रं, आधीच जलद चाललेलं, पण सरळ. ती पायडल मारू लागली, आकडा चढला. मेहुणा म्हणाला, "अजून जोरात." ती जोरात मारू लागली, आकडा आणखी चढला. ती थांबली, आकडा उतरला. चंद्रावरचं काही आलं नाही.

मेहुणा हिरमुसला. "हा तर नीट चालतोय."

ती सायकलवर बसूनच मीटरकडे बघत राहिली. मी छातीवर होतो. तिचे ठोके खाली यायचे थांबले आणि हळूहळू पुन्हा वर जाऊ लागले, पाय थांबलेले असताना.

"अरे," ती म्हणाली, "चढावर तो पट्टा खोटे आकडे द्यायचा, तेव्हा हे काय करायचे?"

"काय करणार? थांबायचे. भावोजींचा बुटाचा बंद फार सुटतो." मग कोपऱ्यात ठेवलेल्या सायकलच्या बुटांकडे मेहुण्याचं लक्ष गेलं. त्या बुटांना बंद नाहीत. खटका दाबून बसवायच्या पट्ट्या आहेत. "ताई," तो म्हणाला, "या बुटांना बंदच नाहीत गं."

चष्मेवाला घरी आला तेव्हा दोघं गॅलरीतच होती. तिनं मला सोडून हातात धरलं होतं.

"हा पट्टा माझ्या अंगावर नीट चालतो," तिनं सांगितलं.

त्यानं मला चिमटीत धरून बघितलं. टाके पाहिले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "तू घट्ट केलास ना. म्हणून. एका वेळी दोन गोष्टी बदलल्यावर काय कळणार? पट्टाही आखूड केलास आणि माणूसही बदललास."

ती आत गेली, टाके उसवले, मला ढिलाच बांधून बाहेर आली आणि पुन्हा पायडल मारायला लागली. मी घसरत होतो, तिनं एका हातानं मला बाहेरून धरून ठेवलं. आकडा सरळ चढला, सरळ उतरला.

"आता एकच बदलली," ती म्हणाली.

ती सायकलवरून उतरली.

"अहो, एक विचारू? तुमच्या दुकानात कुणी येऊन खुर्चीत बसलं आणि म्हणालं, हा तक्ता अंधुक छापलाय, दुसरा लावा. तर तुम्ही काय करता?"

तो सायकलचा स्टँड नीट करू लागला.

"तक्ता बदलता?"

"नाही," तो म्हणाला. "डोळे बघतो."

"तुम्ही सेल बदललात, जर्सी बदललीत, जागा बदलल्यात, पाणी मोजलंत. तेवढी एकच गोष्ट जागच्या जागी ठेवलीत." तिनं आत जाऊन मला सोडलं आणि त्याच्यापुढे धरलं. "घाला आता. माझ्यासमोर."

त्यानं मला बांधलं. चार दिवसांनी ती छाती पुन्हा ओळखीची वाटली. तो सायकलवर चढला आणि पायडल मारू लागला. बराच वेळ काही झालं नाही. मी दुसरं काही सांगू शकलो असतो तर सांगितलंही असतं, मला त्याचं वाईट व्हावं अशी हौस नव्हती. मग तो उभा राहून जोर लावायला लागला, अगदी चढावर लावतो तसा. आणि एका ठोक्यात ते आलं.

मी आकडा पाठवला. मेहुणा "बाप रे" म्हणाला. बायकोनं मीटरकडे पाहिलंच नाही. तिनं जर्सीवरून, माझ्या शेजारी, आपला तळवा टेकला. तिला ते मोजता येणार नव्हतं, इतकं ते जलद होतं. तिचा हात मात्र तिथून हलला नाही. थोड्या वेळानं ते थांबलं, तेव्हा तिघांनाही एकाच वेळी कळलं, त्याला आतून, मला माझ्या चकत्यांनी आणि तिला तिच्या हातानं.

"असं आधी झालंय?" तिनं विचारलं.

"हो."

"किती वेळा?"

"पुष्कळदा." तो हँडलवर डोकं टेकून बसला. "मला वाटलं, सांगितलं की सायकल बंद होईल."

"आणि त्या उतारावर झालं असतं तर?"

रविवारी मंडळी घाटाला गेली. हे तिघं घरीच राहिले, आणि मेहुण्यानं दिवसभर कॅरम खेळून दोघांना वैताग आणला.

डॉक्टरीणबाईंकडे जाताना बायकोनं मला पर्समध्ये घालून नेलं, पुरावा म्हणून. तिथे त्याच्या छातीवर कितीतरी चिकट्या आणि तारा लावल्या गेल्या. त्या यंत्रापुढे मी किस झाड की पत्ती, पण त्यानंही मी म्हणत होतो तेच म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. विजेला जायला जी एक वाट हवी, तिच्या जोडीला याच्या हृदयात जन्मापासून एक जादा वाट होती. कधीतरी वीज त्या वाटेनं घुसायची आणि गोल गोल फिरत राहायची. मांडीतल्या शिरेतून बारीक तार नेऊन ती जादा वाट बंद करता येते, असं त्या म्हणाल्या. मला हातात घेऊन त्यांनी विचारलं, "याच्यावर दिसत होतं, मग इतके दिवस थांबलात का?"

"दुसरे दोन नाही म्हणत होते," चष्मेवाला म्हणाला.

वाट बंद झाली. त्या दिवशी मी पर्सच्या आतल्या कप्प्यात, बाहेरच्या बाकावर, तिच्या मांडीवर होतो. ती पर्स इतकी घट्ट धरून बसली होती की माझी डबी तिच्या हाताला रुतत असावी. मला तेव्हा काहीच मोजायचं नव्हतं. वेळ कसा जातो ते मला पहिल्यांदाच कळेना.

घरी आल्यावर त्यानं मंडळींना लिहिलं. मेहुण्यानं ते मोठ्यानं वाचलं: "करड्या पट्ट्याबद्दल लिहिलेलं मागे घेतो. पट्टा नीट होता. बिघाड माझ्यात होता." मंडळींनी काळजी घ्या म्हटलं, कुणी फुलं पाठवली. एकानं लगेच विचारलं, "मग घ्यायचा तरी कुठला?"

पुढचे काही महिने मी बायकोचा झालो. तो विश्रांती घेत होता, सायकल स्टँडवर रिकामी होती आणि तिला ती आवडू लागली होती. तिनं मला पुन्हा दुमड घातली, या वेळी मशीनवर, पक्की शिलाई. पडदे शिवून झाले की ती अर्धा तास पायडल मारायची. मग सायकल स्टँडवरून उतरली आणि ती गल्लीत गेली, गल्लीतून टाकीपर्यंत. तिचं ते भित्रं हृदय चांगलंच धीट झालं. मला तिथे बरं वाटत होतं.

अखेरीस डॉक्टरीणबाईंनी त्याला परवानगी दिली. बेतानं चालवा, आणि पट्टा बांधून. निळा आणि लाल कपाटात तयारच होते. तो मात्र मशीनपाशी येऊन उभा राहिला.

"तो पट्टा देशील का?"

"तुमच्याकडे दोन आहेत ना? उत्तम म्हणून निवडलेले."

"ते मला बरं वाटेल तेवढंच सांगतात," तो म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. हातातला पडदा संपवला, धागा तोडला. मग मला घेतलं, शिलाई उसवायचा काटा काढला आणि एकेक टाका सोडवू लागली. पक्की शिलाई होती, वेळ लागला. शेवटचा टाका निघाल्यावर तिनं मला ताणून बघितलं, सवयीनं, आणि त्याच्या हातात दिलं. स्वतःला तिनं लाल घेतला.

घाटावर आम्ही आज आलो आहोत, मंडळींशिवाय. तो, ती आणि मेहुणा. चढ संपून माथ्यावर पोचलो तेव्हा तो थांबला. पाय टेकला, हँडलवर ओणवा झाला. मागून दोघं आली. मेहुण्यानं एकदम त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"बंद सुटला का, भावोजी?"

"नाही," तो म्हणाला. "दमलो. बसू जरा."

तो रस्त्याच्या कडेला बसला आणि त्यानं मीटरकडे न बघता आपलं मनगट तिच्यापुढे केलं. तिनं दोन बोटं ठेवली आणि घड्याळ पाहत ओठातल्या ओठात मोजू लागली. मीही मोजत होतो. तिनं आकडा सांगितला, मेहुण्यानं मीटरवर पाहिलं, आणि म्हणाला, "तोच." माझी तुलना आजवर पाटीशी झाली, लालशी झाली, निळ्याशी झाली. ही मला सगळ्यांत पटली.

माझं इलॅस्टिक आता सैल होत चाललं आहे. उसवलेल्या टाक्यांची भोकं त्यात अजून दिसतात. आणखी वर्षभर निघेल, मग मी खरोखरच पडद्याला बांधायच्या कामी येईन, आणि त्याचं मला दुःख नाही. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, की तुमच्या घरी कुणी एकटाच वेगळं सांगत असेल, तर त्याला टोपलीत टाकायच्या आधी एकदा आपल्याच छातीवर हात ठेवून बघा. येतो मी. तो उठलाय, उतार सुरू व्हायचाय, आणि ती मागून सांगते आहे, सावकाश.